जंपर

पंखा खोकतो, एक बीप येतो,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उतरतात:
सेकंडरी मास्टर, नन.
सेकंडरी स्लेव्ह, नन.
तारीख एक जानेवारी दोन हजार दोन.
आतली बटनाएवढी बॅटरी कधीच मेली,
रोज सकाळी मीच त्याला आजचा दिवस सांगते.

बाकड्यावर शेवंता घाग.
मांडीवर पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात कागद.
खोली एकेचाळीस.
बिल्डरच्या यादीत सासूचं नाव नाही.
"चाळीची पुस्तिका तुम्हीच केली होती ना, पन्नास वर्षांची?"

मीच. इथेच, नायगावात, जिन्याखाली,
पानाला बावीस रुपये, प्रूफ दोनदा.
सीडी सापडली. वर मार्करने लिहिलंय
फायनल, ते खोडून खरी फायनल.
ट्रे तोंड उघडतो, सीडी गिळतो,
आणि संगणक म्हणतो, कुठे काय?

लॅमिंग्टन रोडच्या मुर्तझाला फोन लावला.
"ट्रे उघडतो म्हणजे करंट आहे, ताई. पट्टी बदला.
लाल कड करंटच्या बाजूला पायजे."
बदलली. नन.
"लेन्स गेली असेल का रे?"
"लेन्स गेली तरी नाव येतं. वाचता येत नाही, एवढंच.
तुमच्याकडे तर नावच नाही."
शेवंताने मान वर केली.
तिला वाटलं, तिच्याबद्दल चाललंय.

"एका पट्टीवर दोन ड्राइव्ह आहेत ना?
मागे बघा, जंपर कुठे बसलाय?"
टॉर्च तोंडात धरून वाकले.
जुना ड्राइव्ह: स्लेव्ह.
दिवाळीत कुणा पोराने बसवलेला सेकंडहँड राइटर: तोही स्लेव्ह.
दोघं दोन वेगळ्या घरांतून आलेले,
दोन्ही घरांत दुसऱ्या नंबरचे,
आणि इथे, माझ्या पत्र्याच्या डब्यात,
कित्येक महिने एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभे.

भुवयांच्या चिमट्याने जंपर उपसला.
तांदळाच्या दाण्याएवढं काळं प्लास्टिक, आत पत्र्याची चिमूट.
ते निसटून फरशीवर पडलं.
शेवंताने पिशवी बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसली,
आणि तळहात फिरवत, सुई शोधावी तसं शोधून दिलं.
"एवढंसंच?"
"एवढंसंच. दोन काड्या जोडतं, बस."

आता पडद्यावर नाव आलं,
कंपनीचं, पुढे लांबलचक आकडे.
शेवंताला इंग्रजी येत नाही, तरी तिने ते पूर्ण वाचलं.
ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला.
आम्ही दोघी काही बोललो नाही.

पान अठरा. खोली एकेचाळीस.
सरूबाई धाग.

मी पुन्हा वाचलं.
माझ्या कळफलकावर घ आणि ध शेजारी राहतात,
दोघांनाही शिफ्ट दाबावी लागते.
रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, किंवा लाइट गेले असतील,
मला आठवत नाही.
एक बोट सरकलं
आणि डोक्यावरच्या रेघेत फट पडली.
यादीवाल्यांनी माझंच पुस्तक समोर धरून उतरवलं असणार.
धाग नावाचं कुणी आलं नाही,
घाग नावाचं कुणी नव्हतं.

त्याच फोल्डरात तिचा फॉर्म होता, स्कॅन केलेला,
थरथरत्या पेनाने सरळ, जाड रेघ: घाग.
दोन्ही छापले.
खाली एक पत्र टाइप केलं, चूक माझी, सही, दुकानाचा शिक्का.
घ टाइप करताना बोटाकडे बघितलं.

"किती झाले?"
मी म्हटलं, दोन प्रूफ वाचायचे होते, एकच वाचलं होतं.
तिला ते कळलं नाही. वीसची नोट काचेखाली सरकवून गेली.

मुर्तझाचा फोन: डिटेक्ट झाला?
झाला म्हटलं, आणि झाकण लावायला घेतलं.
एक स्क्रू उरला.
नेहमीच उरतो.