तीळ

काळ्या दगडावरची रेघ, असं आपण म्हणतो.
मेक्सिको शहरातल्या त्या शिळाप्रेसमध्ये
दगड पिवळट होता, बव्हेरियाहून जहाजानं आलेला,
आणि रेघेचं आयुष्य शनिवारपर्यंत.

शनिवारी अंक निघाला की
एपिफानियो दगड मोरीवर आडवा घाली.
वाळू, पाणी, वर दुसरा दगड,
आठाच्या आकड्यात फिरवत राही
राष्ट्राध्यक्ष जाईपर्यंत.
आधी मिशा जात. मग बिल्ले.
पोट सगळ्यांत चिवट,
चित्रकार सेवेरो तिथं हात सैल सोडून काजळी भरायचा.

वाचता येत नव्हतं एपिफानियोला.
चित्राखालची खवचट ओळ कुणी वाचून दाखवली
तर हसायचा, जरा उशिरानं.
बाजारात हात बघणाऱ्या बाईनं एकदा
त्याचा तळवा उलटसुलट केला
आणि पैसे परत दिले. रेघाच नाहीत म्हणाली.

सप्टेंबरात मिरवणूक निघाली.
बग्गीतला माणूस हात हलवत होता,
तीळ डाव्या गालावर.
"हा तो नव्हे," एपिफानियो शेजारणीला म्हणाला,
"त्याचा उजवीकडं आहे. खरा आमच्याकडे असतो."
दगडावर सगळं उलटं काढतात
हे त्याच्या हातांना ठाऊक होतं;
रस्त्यावर हात खिशात होते.

नोव्हेंबरात शिपाई आले, सेवेरोला न्यायला.
पुराव्याला दगडही हवा होता.
दोघांनी उचलला, तिसरा नुसताच "सावकाश, सावकाश".
कोरा. ओला.
त्यात छताचा एक तुकडा
आणि वाकून बघणाऱ्याची टोपी.

पुढं राष्ट्राध्यक्ष गेला,
कुठल्या बोटीनं, ते कुणी नक्की सांगत नाही.
नवा आला. तरुण, गाल तुळतुळीत.
गल्लीगल्लीत फटाके.
सेवेरो सुटून आला खोकत,
त्यानंही नव्याला जरा मवाळच काढलं.
पहिला कागद उचलून बघतात
तर गालावर तीळ.

मालक ओरडला, नीट घासला नाहीस!
एपिफानियोनं त्या जागी बोट फिरवलं.
काहीच लागलं नाही.
वरची शाई निघते. तेल आत मुरलेलं असतं.

अंक तसाच विकला, तीन हजार.
गिऱ्हाइकांना वाटलं, मुद्दामच काढलाय.
पोट धरधरून हसली.

सेवेरो हसला नाही.
त्यानं घरून जाड पांघरूण आणलं,
घडी घातली,
आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवलं,
येता-जाता हाताशी येईल असं.