वडगाव, मंगळवार

माग चालू असले की बरं.
सुताचा तूस सगळ्यांच्याच खांद्यावर,
माझं त्यात खपून जातं.

मंगळवारी खटखट बंद.
मग अंथरुणातला कोंडा माझा एकटीचा,
कुणी उठायच्या आत झाडून घेते.

दोन्ही भाषांत एक वाक्य पाठ आहे :
हे पसरत नाही. इदु हरडोदिल्ल.
खानापूरच्या बसमध्ये दोन्ही ऐकून
शेजारची बाई उभीच राहिली.

जावेच्या डोहाळजेवणाला गंगव्वा कासारीण आली.
मी बाही मनगटापर्यंत ओढली,
तिनं ती वर सारली,
खपल्यांवरून तेलाचा हात फिरवला,
‘मेत्तग अदाव कै’ –
मऊ आहेत म्हणे हात, माझे –
आणि सव्वादोनचं माप काढलं.

चढवताना एक हिरवी वाढली.
तिनं ती हिशेबात धरली नाही.