गोलमागचं स्टूल

बोपोडीतून आम्ही सात जणी गेलो होतो बालेवाडीला,
महापालिकेच्या बसनं, अंगात एकाच मापाचे पोपटी बिब.
माझा गुडघ्यापर्यंत.
घोडके मॅडमनी बजावलं होतं :
बॉल बाहेर आला की लगेच द्यायचा.
टाळ्या नाहीत, ओरडणं नाही, सेल्फी तर नाहीच नाही.
आणि कुणाची बाजू घ्यायची नाही. सुवार्ता, तुलाच सांगतेय.

बाजू घेण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.
एकीकडे तो देश, जिथं खेळाडूंनी
किती पिकलेलं केळं खायचं, हे ठरवायलाही एक माणूस असतो.
दुसरीकडे एक बेट.
शाळेच्या नकाशात पेन टेकल्याएवढं,
नाव लिहायला जागा नाही म्हणून
नाव समुद्रात छापलेलं.

चौथ्या मिनिटाला पहिला.
नवव्याला दुसरा.
जाळी फुगली की वारा माझ्या तोंडावर यायचा
इतकं जवळ होतं माझं स्टूल.
पाचव्यानंतर पब्लिक हसायला लागलं.
वाईट हसू नव्हतं ते.
पंगतीत पुन्हा जिलबी आली की लोक पानावर आडवे होतात
आणि हसतात, तसं.
सहाव्याला मागून कुणी शेंगदाणे चावत ओरडलं,
"अहो बाई, बास की आता!"
कुठल्या बाईला, ते कळलं नाही.

बेटाची गोलकीपर दर वेळी स्वतः जाळीत जायची.
डाव्या ग्लोव्हचा पट्टा तुटलेला, वर पांढरी चिकटपट्टी.
बॉल उचलायची, पोटावर पुसायची,
पाटी पुसतात तसा,
आणि मधल्या गोलाकडे लाथाडायची.
पुसलेल्या पाटीवर लगेच पुढचा आकडा.

सातव्यानंतर एक फटका माझ्या डोक्यावरून गेला, थेट बोर्डापाशी.
मी उठले, पण सावकाश.
मधे वाकून बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती तरी.
म्हटलं, घेऊ दे बाईला दोन श्वास.
वळून पाहिलं तर ती दोन्ही हात पसरून
माझ्यावरच खेकसत होती.
बेटावरची शिवी असेल. किंवा 'लवकर'.
आमच्याकडेही हे दोन्ही एकाच सुरात म्हणतात.
मी बॉल फेकला. कान तापले माझे.
तिला श्वास नको होता. बॉल हवा होता.

हाफटाइमला आठ.
मग बाजू बदलल्या, स्टुलं नाही बदलली.
आता माझ्यापुढे दुसरी गोलकीपर,
जिच्या ग्लोव्हजवर दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती.
ती जागच्या जागी उड्या मारायची. हातांवर फुंकर घालायची.
एकदा माझ्याकडे बघून जांभई आवरली तिनं.
जानेवारीची थंडी नदीकडून वर येत होती,
दिव्यांभोवती धुकं,
बाहेर हायवेवर ट्रकांचा घरघराट,
आणि सगळी मॅच लांब, पलीकडच्या टोकाला
शेजारच्या घरातल्या भांडणासारखी.
नऊ. दहा. नुसता आवाज यायचा.
अकरावा मी पाहिलाच नाही, मुंगी बघत होते.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला कुणीतरी पळत आलं.
बेटाची मुलगी, चौदा नंबर, बारीक, वेण्या सुटलेल्या.
कुणाच्या तरी पायाला लागून बॉल बाहेर.
कॉर्नर!
अख्ख्या मॅचमधला त्यांचा पहिला.
मी कशी पळाले देव जाणे.
बिब पायात अडकला, कोपर सोललं,
तरी ती झेंड्यापाशी पोचायच्या आत
बॉल तिथं होता, झेंड्याला टेकून, थांबलेला.
तिनं घेतला. मारला. हवेत गेला छान.
कोऱ्या ग्लोव्हजनी तो अलगद झेलला.
बस, एवढंच.

तेरा-शून्य.
बसमध्ये मॅडम म्हणाल्या,
बाकी वेळ बसून होतीस, त्या एकाच बॉलला काय अंगात आलं?
मी कोपर बिबनं झाकलं.

बोपोडीच्या सिग्नलला पप्पा स्कूटर घेऊन उभे.
"किती?"
"तेरा."
"आणि समोरच्यांचे?"
"एक कॉर्नर."
"तो धरत नाहीत गं," म्हणाले
आणि किक मारली.
पहिल्या दोन वाया गेल्या.