सहाची चाचणी

खोर दुहैबच्या जेटीवर, मासळीच्या शीतगृहामागे
एक खोली आहे. सहा बाय नऊ.
तिच्यात करडा फोन, डायल नसलेला.
उचलला की थेट वाजतो आखाताच्या त्या काठावर,
जिथून आम्हाला बुडवायची भाषा येते
दर सणाला, बँडसकट.

मी त्या फोनचा माणूस. मूळचा विजयदुर्गचा.
करारात माझं काम एका ओळीत:
रोज सकाळी सहाला लाइन जिवंत आहे का पाहणे.

रुजू झालो तेव्हा खल्फान बिन मुराद,
ज्यांना सगळे नुसतं उस्ताद म्हणत,
म्हणाले, मैत्री करू नकोस. भांडू नकोस.
वारा विचार, लाट विचार,
आणि उद्या पुन्हा फोन कर. धोरण ते हेच.
मी मनात हसलो.
पलीकडच्याशी मोडक्या फारसीत बोलायला लागलो तर
दर्या, हवा, खबर,
निम्मे शब्द आजोळचेच निघाले.

मग मंत्री येत गेले.
एकाने पलीकडे खजुराच्या पेट्या धाडल्या,
दुसऱ्याने पेट्यांचा हिशेब मागितला.
तिसरा लांबच्या दोस्ताच्या युद्धनौकेवर फोटो काढून आला,
नौका निघून गेल्यावर चौथ्याला झोप येईना.
लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो,
चुकीची उडी मारेल तो बाद.
इथे उडी मारणारा सुखरूप,
बाद व्हायचे जाळ्यांचे परवाने,
पलीकडून शेळ्या आणणाऱ्या होड्या,
आणि एकदा हमूद, वय अठरा,
ज्याचं इंजिन नेमकं त्या आठवड्यात बंद पडलं
जेव्हा ‘कठोर’ हा शब्द कोरा करकरीत होता.

त्याच आठवड्यात वरून हुकूम: लाइन बंद करा.
उस्तादांनी वाचला, सही केली, वहीत घडी घालून ठेवला.
मग मला म्हणाले,
बंद झाली का हे बघायला फोन करावाच लागेल, नाही?

सहाला मी रिसीव्हर उचलला.
पलीकडचा माणूस. नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
खोकल्यावरून ओळखतो.
वारा वायव्येचा, म्हणाला. लाट दीड मीटर.
मग जरा थांबून,
एक पोरगा आमच्याकडे आहे. पायात चप्पल नाही त्याच्या.

अकराव्या दिवशी हमूद परत आला,
दोन नंबर मोठी चप्पल फटफटवत.
पत्रक कुणीच काढलं नाही.

याला प्रेम समजू नका.
त्याच महिन्यात त्यांनी आमच्या बोयाचा दिवा गोळ्यांनी फोडला
आणि आम्ही टेकडीवर नवं रडार बसवलं.
केबल मीच ओढली, हाताला अजून घट्टे आहेत.
उस्तादांच्या वहीत दोन्हींना जागा:
एका पानावर फोन, समोरच्या पानावर टेकडी.
दोन्ही रोज, ते म्हणत.
एक दिवस एकच केलंस
तर त्यांना वाटेल घाबरलास, नाहीतर माजलास.

उस्ताद गेले, रमजानच्या आदल्या आठवड्यात.
त्यांची शेवटची वही उजवीकडून भरलेली,
मी ती डावीकडून भरत निघालोय.
मधे बत्तीस पानं कोरी.

गुरुवारी नवे मंत्री येणार म्हणून
राजधानीतून कुणीतरी टिपण मागितलंय,
शेजाऱ्याबाबत दीर्घकालीन भूमिका, पाच पानांत.
मला कुणी विचारलेलं नाही.

आज सहाला खोकला आला नाही.
कोवळा आवाज होता, आणि मागे खुर्ची सरकल्याचा.
हॅलो, म्हणाला. मग गप्प.
काय बोलायचं ते त्याला कुणी सांगितलं नसावं.

मी म्हटलं, खिडकी असेल बघ डाव्या हाताला.
उघड.
वारा कुठचा आहे?