चालशे

उत्तरायण संपलं, वासी उत्तरायणही,
मांजलपूरच्या तारांवर फाटके पतंग अजून लटकलेले,
आणि माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकात
काहीतरी खरखरत होतं,
किडलेल्या दाढेत ड्रिल फिरावं तसं.
(मी दातांचीच डॉक्टर. आवाज मला कळतात.)

गाडी दोन दारांची, बुटकी, पिवळी,
भरूचच्या एका सोनाराच्या मुलाने कंटाळून विकलेली.
सोसायटीत तिला बेडकी म्हणतात.
पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं.
स्पीडब्रेकर आला की मीच श्वास आत ओढते.

जॅक तिच्याखाली शिरेना.
म्हटलं, दोन विटा लावू. चालशे.

शिर्केकाका बाकावर पेपर वाचत होते,
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एकतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस.
उठले. माझ्या हातातल्या विटा घेतल्या
आणि पाण्याच्या टाकीपाशी नेऊन ठेवल्या, आवाज न करता.
‘या गावात सगळं चालशे,’ म्हणाले,
‘डाळीत साखर चालशे, लग्नाला उशीर चालशे.
गाडीखाली चालशे चालत नाही.
वीट आधी सांगत नाही, डॉक्टर.
जयंतीभाईला नव्हतं सांगितलं.’

जयंतीभाई कोण, मी विचारलं नाही.
काकांनी पेपरची घडी केली, फार बारीक.

मग गाडी पेव्हर ब्लॉकवरून हलवली,
पंपाच्या खोलीसमोर, जिथे काँक्रीट सपाट आहे.
काकांनी वरून दोन फळ्या आणल्या, कुठल्याशा मशिनच्या खोक्याच्या,
त्यांवर बाण आणि ‘ही बाजू वर’.
मागची चाकं फळ्यांवर चढवली, पुढच्या चाकांना पाचरी.
‘हँडब्रेक ओढलाय,’ मी म्हटलं.
‘तो मागच्या चाकांचा. मागची चाकं हवेत गेल्यावर
तो कुणाला धरणार?’
पाचरी दोन्ही बाजूंनी. पुढून आणि मागून.
नट आधीच अर्धा आटा सैल, चाक जमिनीवर असतानाच.

जॅकच्या माथ्यावर ठेवायला त्यांनी
खिशातून रुमाल काढला, रुमालातून नायलॉनची एक चकती,
मधे खाच, उंबऱ्याच्या पत्र्याची कड बरोब्बर बसेल अशी.
कधी केली?
‘तू गाडी आणलीस त्या आठवड्यात. माप रात्री घेतलं.’
आठ महिने खिशात होती.

दांडा खाली, दांडा वर.
बेडकीने कूस बदलली.
‘जॅक उचलतो,’ काका म्हणाले, ‘धरत नाही.
धरायचं काम स्टँडचं.’
एका बाजूला स्टँड, मग दुसऱ्या, खुंट्या आरपार,
जॅक उतरवून भार त्यांच्यावर,
आणि तरीही जॅक खाली तसाच, टेकलेला, साक्षीला.
काढलेलं चाक आडवं करून उंबऱ्याखाली सरकवलं.
‘आता धक्का दे.’
दिला.
‘असा नाही. रागाने दे. पडायची असेल तर
आत्ता पडू दे, खाली कुणी नसताना.’

मी ढकललं, अख्ख्या अंगाने.
एक चिमणी उडाली पंपाच्या छपरावरून. बाकी काही हललं नाही.

मी पाठीवर सरकत आत गेले.
वर काळं लोखंड, चिखल, दिवसाचा एक अरुंद तुकडा,
तुकड्यात काकांच्या चपला.
अॅक्सलला दोरी गुंडाळलेली, गुलाबी, काच लावलेली,
सीलच्या ओठात रुतलेली.
हे ओळखीचं काम. चिमटा, बॅटरी, धीर.
किती हात निघाली कुणास ठाऊक. कुणाचा पतंग कापून आली होती,
की कापली जाऊन?
मी बाहेर येईपर्यंत चपला हलल्या नाहीत.

उतरवताना चढवण्यापेक्षा सावकाश.
नट एकाआड एक, समोरासमोर.
फळ्यांवरून खाली. दोरी मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत कोंबली,
पक्ष्यांच्या पायात नको.

‘आता चालशे?’ मी विचारलं, हसत.
काकांनी पान्हा परत मागितला
आणि चौथा नट पुन्हा एकदा तपासला.