जवळचं की लांबचं

डुलुथच्या दवाखान्यात काउंटरपलीकडची मुलगी
फॉर्मवर पेनाची टोपी टेकवते:
साधं भिंग विम्यात बसतं. एकच अंतर.
जवळचं नि लांबचं, दोन्ही हवं असेल
तर डोळ्यामागे अडीच हजार डॉलर, पदरचे.

आयली कोस्केला शिलकेतून
छपराचे पैसे वजा करते.
उरतं ते एका डोळ्यालाही पुरत नाही.

चाळीस वर्षं तिने घड्याळं उघडली,
केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरल्या.
"जवळचं," ती म्हणते,
आणि सही करते, रेघेच्या जरा खाली.

बाहेर पार्किंगमध्ये वाल्तेरी हात हलवतो.
ऑपरेशननंतरही तो असाच दिसेल,
लाल टोपीचा डाग,
जवळ येईपर्यंत.

येतोच तो.
गुडघा धरून, पण येतो.