तंबोऱ्याच्या जागेवरून

तीस वर्षं मी आरावमुदनांची पाठ पाहिली.
चेहरा लोकांसाठी होता.
डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे मृदंग,
मागे मी, तंबोरा उभा धरून.
श्वास घेताना सदऱ्याची शिवण ताणायची
आणि मला कळायचं, आता लांब जाणार आहेत,
षड्जावर परतायला वेळ लागेल.
मानेखाली घामाचा डाग उगवायचा,
तोडीत तळहाताएवढा,
मुखारीत जवळजवळ नाहीच.

नाच्चियारकोविलच्या देवळात वडील आचारी.
पोरानं पहिल्यांदा फुंकली ती मडपळ्ळीतली फुंकणी,
लोखंडी, एका टोकाला काळी.
आमच्या तमिळमध्ये तीही कुळल, बासरीही कुळल.
"फरक एवढाच," ते म्हणायचे,
"तिनं पोंगल शिजायचा.
हिनं अजून आमची चूल पेटवलेली नाही."

तिरुच्ची रेडिओनं तीनदा परत पाठवलं.
चौथ्यांदा 'बी' श्रेणीचं पत्र आलं;
ते कनकवल्लीनं तांदळाच्या डब्यात जपलं,
कडेनं टोक्यांनी खाल्लं.
मानधनाच्या कागदावर सगळ्यांची नावं असत.
माझ्यापुढे लिहिलेलं: तंबोरा, एक.

मग मद्रासचा डिसेंबर. दुपारी दीडची कचेरी, तिकीट नाही.
ऐकायला अकरा जण.
त्यातले चार कँटीनचा डोसा सुरू व्हायची वाट बघत,
एक झोपलेला, त्याचं घोरणं नेमकं पंचमात.
आरावमुदन थांबले नाहीत,
त्या पंचमाला धरून त्यांनी सहाना उलगडला
आणि तो माणूस जागा झाला, कशानं ते न कळून
घाबराघुबरा इकडेतिकडे बघत राहिला.

बासरीला खुंटी नसते.
सगळ्यांनी तिच्याकडे यायचं असतं.
पण थंडीत ती खाली बसते,
आणि फुंकर लागून तापली की चढते
केसभर, दोन केसभर.
ते केस मी मोजायचे.
वर्णम संपता संपता, टाळ्यांच्या आड,
खुंटीला नखभर पीळ.
कुणाला कळलं नाही. त्यांच्या पाठीला कळायचं,
खांदे किंचित सैल व्हायचे.
एवढंच माझं मानधन, असं म्हणणार नाही,
रिक्षाचे पैसे वेगळे मिळत.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना संध्याकाळ मिळाली.
त्याच वर्षी आयोजकांनी डबा आणला,
विजेवर चालणारा, लाल दिव्याचा.
जागा वाचते, एका जेवणाचं पानही वाचतं.
मी तंबोऱ्याला जुनी साडी गुंडाळली आणि कोपऱ्यात ठेवला.
जानेवारीत पोस्टकार्ड आलं, एका ओळीचं:
"डब्याला थंडी वाजत नाही."
मी उत्तर लिहिलं नाही.
काय लिहायचं होतं? की मला वाजते?

त्यानंतर सिंगापूर, शाल, पितळी समई,
वर्तमानपत्रात नाव, एक अक्षर चुकलेलं.
माझ्याकडे कात्रणं आहेत. चुकलेलं अक्षर मी पेनानं सुधारलंय.

मग न्हाणीघरात पाय घसरला,
पुढचे तीन दात गेले.
कवळी बसवली, फुंक बसली नाही.
कुंभकोणमचा डॉक्टर म्हणाला, खाण्याला काही अडचण नाही ना?

काल नाच्चियारकोविलला गेले.
गल्लीत कासारांचे हातोडे चालू, समया घडत होत्या.
कनकवल्लीच्या फोटोला ताजी कनेर.
ते म्हणाले, "तंबोरा आणलास?
समोर बस. मागे आता भिंत आहे."

समोर बसले.
कवळी काढून वाटीत ठेवली त्यांनी,
बासरीला तिळाचं तेल पुसलं, ओठाशी नेली.
सूर आला नाही. वारा आला,
फुंकणीतून येतो तसा.
गांधाराच्या भोकावर बोट थरथरताना
डावी भुवई वर जाते त्यांची.
हे मला ठाऊक नव्हतं.

"याच्याशी लाव," ते म्हणाले.
"कशाशी?"
"हे वाजतंय ना, याच्याशी."

जवारीचा दोरा सरकवत, खुंटीला कान लावून
मी अजून शोधतेय.
बाहेर हातोडे.
भुवई वर आहे.